पाच पूर्णांक दोन

स्पॅमच्या फोल्डरमध्ये एक साधं पत्र पडून होतं. तेवीस दिवसांपूर्वीचं. पाठवणारं एक ग्रंथालय. तुम्ही मागितलेलं पुस्तक दुसऱ्या शाखेतून आलं आहे, दहा दिवस राखून ठेवू, नंतर परत पाठवावं लागेल, एवढाच मजकूर. वरच्या ओळीत कधी न काढलेल्या लॉटरीचं बक्षीस, खालच्या ओळीत एका रात्रीत वजन उतरवणाऱ्या गोळ्या, आणि मधे हे पत्र, दंगा करणाऱ्या पोरांबरोबर चुकून वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलासारखं. पुस्तक अर्थातच केव्हाच परत गेलं होतं. आकाश कोसळावं असं यात काही नाही. टोचत राहतं ते एवढंच, की तेवीस दिवस कुणालाच काही कळलं नाही. ज्याला पत्र यायचं होतं त्याने थोडी वाट पाहिली आणि ग्रंथालयाचा कारभारच ढिसाळ, असं मनाशी ठरवून टाकलं. ग्रंथालयाला वाटलं, याला आता पुस्तक नको असेल.

उलटी चूक झाली असती तर दोन मिनिटांत बोंब झाली असती. गोळ्यांची जाहिरात इनबॉक्सात आली की माणूस चिडतो, बटण दाबतो, सर्व्हर सांभाळणाऱ्याला सुनावतो. हे अगदी पहिल्या दिवसापासून चालत आलंय. १९७८ च्या मे महिन्यात गॅरी थर्क नावाच्या विक्री अधिकाऱ्याने डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या संगणकांची जाहिरात अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावरच्या, सुमारे ४०० जणांना एकदम पाठवली, तेव्हा स्पॅम हा शब्दसुद्धा या अर्थाने रुळलेला नव्हता, पण तक्रारी आल्याच. आत आलेली घाण दिसते, वास येतो. बाहेर राहून गेलेलं चांगलं पत्र दिसायला आधी ते यायचं होतं हे माहीत असावं लागतं. त्यामुळे स्पॅम वेगळं काढणारा फिल्टर बसवणारा माणूस नकळत एकाच बाजूच्या तक्रारी ऐकत जातो आणि दर तक्रारीला पेच अर्धा फेरा आणखी आवळत जातो.

अशा पत्राचा मजकूर वाचून काही हाती लागत नाही, हेडर, म्हणजे पत्रासोबत येणारी प्रवासाची नोंद, उघडावा. स्पॅमअ‍ॅसॅसिन नावाचा फिल्टर चालवणाऱ्या सर्व्हरवर तिथे ‘एक्स-स्पॅम-स्टेटस’ नावाची ओळ असते आणि तिच्यात निकालपत्रच छापलेलं असतं: एकूण गुण, स्पॅम ठरायला लागणारे गुण, कोणत्या नियमांनी हात उचलला त्यांची नावं. ग्रंथालयाच्या पत्राला मिळाले होते ५.२. मर्यादा ५.०, म्हणजे सुरुवातीला येते तीच, कुणी न बदललेली. या ५.२ पैकी १.७ किरकोळ गोष्टींचे. मजकूर फक्त एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानांच्या भाषेत, सोबत साधी प्रत नाही. एक मोठं चित्र आणि त्यामानाने शब्द कमी. ग्रंथालयाचं पत्र तयार करणारी प्रणाली जुनी असावी, असे बारीकसारीक दोष निम्म्या प्रामाणिक पत्रांत सापडतात. उरलेले ३.५ गुण एकाच ओळीचे: बेझ ९९. शब्दांवरून शिकणाऱ्या भागाचं मत, की हे पत्र स्पॅम असण्याची शक्यता ९९ टक्क्यांच्या वर आहे.

एवढी खात्री त्याला कुणी दिली?

मेलबॉक्सच्या मालकानेच. ग्रंथालय दर आठवड्याला एक पत्रक पाठवतं: नवी पुस्तकं, व्याख्यान, सुटीच्या दिवसांची यादी. सभासद होताना खाली कुठेतरी खूण केलेली असते. पहिली काही पत्रकं वाचली जातात, मग कंटाळा येतो. ‘सदस्यत्व रद्द’चा दुवा अगदी तळाशी, करड्या बारीक अक्षरांत, स्पॅमचं बटण वर, बोटाजवळ. चाळीस आठवडे तेच बटण दाबलं गेलं. दाबणाऱ्याच्या मनात ‘आत्ता नको’ एवढंच असतं. फिल्टरला मात्र त्या बटणाचा एकच अर्थ शिकवलेला आहे. तो पत्रकातला प्रत्येक शब्द, पाठवणाऱ्या सर्व्हरचं नाव, पत्त्याची तळटीप, दुव्यांची डोमेन असं सगळं फोडून वाईटाच्या खात्यात एकेक आकडा वाढवत बसतो. हेडरमधले तुकडेही मोजले जातात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. म्हणून चाळीस पत्रकांनंतर त्याच सर्व्हरवरून, तीच तळटीप घेऊन आलेलं एकेचाळिसावं पत्र मजकुराने कितीही वेगळं असलं तरी ओळखीच्या चोराचा भाऊ ठरतं.

हिशेब म्हणाल तर शाळकरी आहे. समजा, फिल्टरला ४०० स्पॅम आणि ६०० चांगली पत्रं दाखवली आहेत. या धंद्यात चांगल्या पत्राला हॅम म्हणतात. नाव थट्टेतून आलंय, पण आता तेच चालतं. ग्रंथालयाच्या सर्व्हरचं नाव ४०० पैकी ४० स्पॅममध्ये सापडलं, म्हणजे ०.१०. हॅमपैकी फक्त २ पत्रांत, म्हणजे ०.००३३. पहिल्या आकड्याला दोन्हींच्या बेरजेने भागलं की ०.९७. त्या एका तुकड्याचं वजन एवढं. असे ठळक तुकडे एकत्र करून पत्राचा निकाल लागतो. प्रोग्रॅमर पॉल ग्रॅहम यांनी २००२ मध्ये हीच रीत सोप्या भाषेत मांडली, तेव्हा पत्रातले सर्वांत बोलके १५ तुकडेच घ्यायचे, एकत्रित शक्यता ०.९ च्या वर गेली तर स्पॅम म्हणायचं आणि चांगल्या पत्रांतली मोजणी दुप्पट धरायची असं सुचवलं. कल्पना त्याआधीची. संशोधक मेहरान सहामी आणि सहकाऱ्यांनी ती १९९८ मध्ये मांडली होती, आणि मुळात ज्यांच्या सूत्रावर आणि नावावर हे चालतं ते थॉमस बेझ तर अठराव्या शतकातले धर्मोपदेशक. त्यांचा लेख त्यांच्या पश्चात १७६३ मध्ये छापला गेला. पण मला ग्रॅहम यांची ती दुपटीची युक्ती फार शहाणपणाची वाटते. चांगलं पत्र हरवणं आणि वाईट पत्र आत येणं या दोन चुकांची किंमत सारखी नाही, हे त्यांनी सरळ गुणाकारात घालून ठेवलं.

पुढे गॅरी रॉबिन्सन यांनी दुखणं नेमकं धरलं. एखादा शब्द एकदाच दिसला आणि तोही स्पॅममध्ये, तर वरच्या भागाकारात त्याची शक्यता १ येते. एकदा भेटलेल्या माणसाबद्दल इतकं ठाम मत! त्यांनी त्यात थोडी शंका मिसळली: शब्द अनोळखी असेल तर ०.५ धरायचं आणि जसजसा तो दिसत जाईल तसतसं पुराव्याकडे सरकायचं. शंकेचं वजन १ ठेवलं तर एकदा दिसलेल्या शब्दाला ०.७५ मिळतात, दहादा दिसला की ०.९५. याच विचारातून आलेल्या स्पॅमबेझ या फिल्टरने पत्रांचे तीन ढीग केले. ०.२० च्या खाली हॅम, ०.९० च्या वर स्पॅम आणि मधे ‘सांगता येत नाही’. तो मधला ढीग बाकीच्या बहुतेक फिल्टरांनी उचलला नाही याची हळहळ वाटते. रोज त्यात मोजकीच पत्रं पडतात, चाळायला फार वेळ लागत नाही, आणि फिल्टरला शिकवण्यासारखं जे असतं ते तिथेच असतं. ज्या पत्राबद्दल त्याला आधीच खात्री आहे, ते पुन्हा शिकवून फारसं हाती लागत नाही.

फिल्टर नवा बसवताना घाई होते ती हॅमच्या बाबतीत. स्पॅम गोळा करायला कष्ट नाहीत, तो चालत येतो. स्पॅमअ‍ॅसॅसिन काय किंवा आरस्पॅमडी हा दुसरा फिल्टर काय, स्पॅम आणि हॅम अशा दोन्ही खात्यांत किमान २०० पत्रं जमा झाल्याशिवाय बेझ तोंड उघडत नाही. मग लोक काय करतात, तर कुठून तरी जुन्या स्पॅमचा गठ्ठा आणतात आणि शेजारी या महिन्यातला इनबॉक्स ठेवतात. फिल्टर शिकतो, पण काय शिकतो? तारखा. जुन्या सर्व्हरची नावं. त्या गठ्ठ्यातल्या पत्रांना दुसरीकडून येताना चिकटलेल्या हेडरच्या ओळी. चाचणी केली की निकाल झकास येतो, आणि खऱ्या पत्रांवर सोडलं की फिल्टर चाचपडायला लागतो, कारण त्याने स्पॅम आणि हॅम वेगळे केलेच नव्हते. जुनं आणि नवं वेगळं केलं होतं. दोन्ही ढीग एकाच मेलबॉक्समधले आणि एकाच काळातले हवेत. हॅममध्ये फक्त मित्रांची पत्रं घालूनही भागत नाही. पावत्या, तिकिटं, पासवर्ड बदलल्याच्या सूचना, बँकेची मासिक विवरणं हे सगळं मुद्दाम घालावं लागतं, कारण दिसायला स्पॅमच्या सर्वांत जवळ असलेली चांगली पत्रं हीच. पाठवलेल्या पत्रांचं फोल्डर हॅम म्हणून ओतायचा मोह आवरावा. ती पत्रं बाहेरून आलेली नसतात, त्यांना वाटेतल्या सर्व्हरांचे शिक्केच नसतात. शिकवायला म्हणून कुणाला पत्र फॉरवर्ड करायला सांगाल तर तेही फुकट जातं. फॉरवर्ड केल्यावर हेडर पाठवणाऱ्याचे होतात, आणि फिल्टर तुमच्या सहकाऱ्यालाच स्पॅमवाला समजू लागतो.

मग ती नेहमीची फजिती. मेल तपासणारी सेवा एका युजरच्या नावाने चालते आणि शिकवण्याची आज्ञा, एसए-लर्न, माणूस रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, होऊन देतो. पडद्यावर येतं, इतकी पत्रं शिकलो. शिकलेलं जातं रूटच्या खात्यातल्या वहीत, आणि सेवा वाचते स्वतःची कोरी वही. महिनाभर रोज शिकवणी चालू आणि विद्यार्थी वर्गातच नाही! हे ओळखायची खूण सोपी आहे: त्याच सेवेच्या युजरने एसए-लर्नला ‘डंप मॅजिक’ मागायचं. ‘एनस्पॅम’ आणि ‘एनहॅम’ असे दोन आकडे दिसतात. ते शून्य असतील किंवा शिकवूनही हलत नसतील, तर वही चुकलेली आहे.

स्पॅमअ‍ॅसॅसिनमध्ये आपोआप शिकण्याची सोयही असते. पत्राचे गुण ०.१ पेक्षा कमी असतील तर हॅम समजून, १२ किंवा अधिक असतील तर स्पॅम समजून फिल्टर स्वतःच शिकतो. हे गुण मोजताना बेझचं स्वतःचं मत बाजूला ठेवतात, नाहीतर तो स्वतःच्याच होकाराला होकार देत बसेल. शिवाय स्पॅम म्हणून शिकायला हेडरमधून किमान ३ आणि मजकुरातून किमान ३ गुण लागतात. एवढी काळजी घेऊनही गोची व्हायची ती होतेच. एखादा सफाईदार स्पॅम सगळे नियम चुकवून ०.१ च्या खाली घुसला, की तो हॅमच्या खात्यात लिहिला जातो आणि त्याची भावंडं पुढच्या वेळी आणखी सहज आत येतात. मालकाने त्याला हाताने स्पॅममध्ये टाकेपर्यंत ही गळती चालू राहते. म्हणून आपोआप शिकणं चालू ठेवावं, पण त्याच्या भरवशावर झोपू नये.

देवनागरीतल्या पत्रांची तऱ्हा आणखी वेगळी. फिल्टर पत्राचे शब्द करतो, पण शब्द कुठे संपतो हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. पायथन भाषेतला शब्द ओळखण्याचा नेहमीचा नमुना अक्षरं आणि अंक घेतो. काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडायची खूण त्याच्या लेखी अक्षरंच नव्हेत, तिथे शब्द तुटतो. ‘बक्षीस’ आत गेलं की ‘बक’, ‘ष’ आणि ‘स’ असे तीन तुकडे बाहेर पडतात. ‘कर्ज’चे होतात ‘कर’ आणि ‘ज’. ‘करा’ लिहिलं तरी ‘कर’च हाती येतं. म्हणजे ‘तातडीने कर्ज’ आणि ‘कृपया फोन करा’ यांतले दोन वेगळे शब्द फिल्टरच्या वहीत एकाच ओळीवर जमा होतात, आणि तो तुकडा दोन्हीकडे सारखाच दिसत असल्याने शेवटी काहीच सांगत नाही. काही ठिकाणी शब्दाची लांबी बाइटमध्ये मोजतात. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, तर १५ बाइटच्या मर्यादेत पाचच चिन्हं मावतात आणि ‘अभिनंदन’सुद्धा लांबलचक शब्द ठरतो. स्वतः फिल्टर लिहिणाऱ्याने या खुणा अक्षराला चिकटूनच ठेवाव्यात. तयार फिल्टर वापरणाऱ्याने निदान एक मराठी पत्र तपासून तुकडे कसे पडतात ते डोळ्यांनी पाहावं. आणि त्याआधी पत्र बेस-६४ या वाटेतल्या सांकेतिक रूपातून उलगडलं जातंय ना, तेही; नाहीतर फिल्टर शब्दांच्या जागी नुसत्या बुडबुडवाणीचा अभ्यास करत राहील.

स्पॅमवाल्यांनाही हे गणित माहीत आहे. म्हणून पत्राच्या शेवटी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत कुठल्या तरी कथेचा उतारा चिकटवतात, की चांगल्या शब्दांनी पारडं उचललं जावं. बहुतेकदा साधत नाही. तुमच्या मेलबॉक्समधले चांगले शब्द म्हणजे तुमच्या सहकाऱ्याचं नाव, प्रकल्पाचं टोपणनाव, नेहमीच्या दुकानाच्या पावतीवरचा मजकूर. ते त्यांना कुठून ठाऊक असणार? पण त्या उताऱ्यांचा त्रास मागाहून होतो. असं पत्र स्पॅम म्हणून शिकवलं की ‘पाऊस’, ‘खिडकी’, ‘आजोबा’ असले निरुपद्रवी शब्दही स्पॅमच्या खात्यावर चढतात, आणि कधीतरी आजोबांबद्दल लिहिलेल्या साध्या पत्राला त्याची झळ लागते. इथेही औषध तेच, हॅम भरपूर शिकवणं. तेच शब्द चांगल्या पत्रांतही मोजले गेले की त्यांचं वजन पुन्हा मधोमध येतं.

एसपीएफ, डीकिम, डीमार्क या ओळख पडताळणाऱ्या तिघांबद्दल फार बोलत नाही. पत्र ज्या डोमेनचं नाव सांगतं तिथलंच आहे की नाही, एवढं ते सांगतात. स्वतःच्या डोमेनवर तिन्ही नीट बसवून स्पॅम पाठवणारे रग्गड आहेत. स्पॅम पाठवणाऱ्या सर्व्हरांच्या काळ्या याद्यांचं मात्र एक सांगायला हवं: स्पॅमहाउस या संस्थेची यादी सार्वजनिक डीएनएसमार्फत, म्हणजे नावांवरून पत्ते शोधून देणाऱ्या सामाईक सेवेमार्फत, विचारली तर खरं उत्तर मिळत नाही, नकाराचा संकेत म्हणून १२७.२५५.२५५.२५४ येतो. चुकीने मांडणी केलेला सर्व्हर त्यालाच ‘यादीत आहे’ असं समजून आलेलं प्रत्येक पत्र परतवू शकतो. सर्व्हरवर डीएनएसला विचारणारा आपला स्वतःचा रिझॉल्व्हर ठेवावा आणि आलेला संकेत कोणता ते तपासूनच गुण द्यावेत.

परतवण्याचं म्हणाल तर मी त्याच्या बाजूने आहे, अट एवढीच, की दोन सर्व्हरांचं संभाषण चालू असतानाच परतवावं. पाठवणारा सर्व्हर अजून दारात उभा आहे तोवर ५५० या संकेताने नकार दिला, तर खऱ्या माणसाला ‘तुमचं पत्र पोचलं नाही’ असा निरोप जातो आणि तो फोन तरी उचलतो. आधी पत्र घेऊन मागाहून परतवलं तर तो निरोप खोट्या पत्त्यांवर जातो, भलत्याच माणसांच्या माथी. आरस्पॅमडीमध्ये मूळ मांडणी १५ ला परतवणं, ६ ला खूण करणं आणि ४ ला थोडं थांबवून पुन्हा यायला सांगणं अशी असते. त्या ६ ते १५ च्या पट्ट्यातली पत्रं स्पॅमच्या फोल्डरमध्ये पडतात. तिथून कुणाला काही कळवलं जात नाही. पाठवणाऱ्याला ‘पोचलं’ अशी पावती मिळालेली असते, आणि मालक त्या फोल्डरमध्ये फिरकत नाही.

ग्रंथालयाचं पत्र त्याच जागी पडलेलं होतं. आता करायचं काय? पहिला मोह ग्रंथालयाचा पत्ता पांढऱ्या यादीत, म्हणजे कधीच न अडवायच्या पत्त्यांत, टाकण्याचा. नुसता ‘प्रेषक’ पाहून सूट दिली तर ती सूट त्या पत्त्याची नक्कल करणाऱ्यालाही मिळते. द्यायचीच तर डीकिमची सही जुळली तरच, अशी द्यावी. दुसरा रस्ता शिकवण्याचा. पत्र उचलून इनबॉक्सात ठेवलं, की डव्हकॉट या मेलबॉक्स सांभाळणाऱ्या सर्व्हरवर आयमॅपसिव्ह, म्हणजे पत्र हलवलं की आज्ञा चालवणारी सोय, नीट बसवलं असेल तर त्या हालचालीनेच ‘हॅम म्हणून शिक’ अशी आज्ञा जाते. इथेही एक खड्डा आहे. स्पॅममधून बाहेर गेलेलं सगळंच हॅम असं लिहून ठेवलं तर स्पॅमचं फोल्डर रिकामं करताना कचऱ्यात गेलेली शंभर पत्रंही हॅम म्हणून शिकली जातात. कचऱ्याचं फोल्डर त्या नियमातून वगळायचं राहिलेले सर्व्हर कमी नाहीत.

आणि ती चाळीस पत्रकं? आधी स्पॅम म्हणून शिकलेलं पत्र हॅम म्हणून दिलं, तर फिल्टर जुनी नोंद पुसून नवी करतो. पण पुसायला मूळ पत्र समोर लागतं. वहीत फक्त आकडे असतात, कोणता आकडा कुठल्या पत्राचा ते तिथे लिहिलेलं नसतं. स्पॅमचं फोल्डर ३० दिवसांनी आपोआप रिकामं होतं. चाळिसांपैकी उरलेली पत्रकं चार. ती चार आणि ते एक पत्र हॅममध्ये घातलं, की सर्व्हरच्या नावाचा हिशेब ३९६ पैकी ३६ आणि ६०५ पैकी ७ असा होतो, ०.९७ वरून ०.८९. बाकी सगळं तसंच धरलं आणि यापुढचं दर आठवड्याचं पत्रक न चुकता हॅम म्हणून शिकवलं, तर सहा महिन्यांनी ०.६३.

पुढच्या आठवड्यात ग्रंथालयाचं नवं पत्रक येतं. बेझ ९९ च्या जागी आता बेझ ९५, त्याचे गुण ३.०, वरचे १.७ तसेच. ४.७. पत्रक इनबॉक्सात उतरतं: नवी पुस्तकं, व्याख्यान, सुटीचे दिवस. बोट सवयीने वरच्या बटणाकडे जातं.